आईच्या डोंगराला पर्स्पेक्टिव्ह शिकवू नका

पुण्याहून एका ताईंनी आठ चित्रांचे फोटो पाठवले आहेत. चित्रं त्यांच्या आईची. आई एकाहत्तर वर्षांच्या, तोरण्याच्या बाजूच्या एका वाडीत एकट्या राहतात. बोटांचे सांधे धरल्यामुळे गोधड्या शिवणं थांबलं. मग नातवाचे उरलेले पोस्टर कलर घेऊन त्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्रं काढू लागल्या. राब भाजणं (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळणं), लावणी, खळं, गौरी आणणं, डोईवर पाट्या घेऊन बाजाराला उतरणाऱ्या बायका असे विषय. ताई विचारतात: "घरात सगळ्यांना आवडतात, पण माणसं घराएवढी आणि गाय घराहून मोठी. डोंगर वरून चिकटवल्यासारखे दिसतात. एक जण म्हणतो क्लास लावा, दुसरा म्हणतो वारली शिकवा, विकली जाते. आईला पुढच्या वर्षी पुण्याला आणायचा विचार आहे. नक्की काय करावं? चित्रं टिकवायची कशी? विकावीत का?"

क्लास नको. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे फीचा प्रश्न मिटला. बाकीचं सावकाश बघू.

मी पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना किती पोरं बसवली याची मोजदाद नाही. आता जुन्या चित्रांची डागडुजी करतो. म्हणजे चित्र "सुधारायचा" धंदा मी दोन्ही बाजूंनी केला आहे, आणि कुठे हात लावू नये हे बऱ्यापैकी उशिरा शिकलो आहे.

तुमचा तिसरा फोटो घ्या, राब भाजण्याचा. घर समोरून दिसतं, गोठा वरून दिसतो, गोठ्यातली गाय बाजूने दिसते. शाळेच्या हिशेबाने एका चित्रात तीन चुका. पण धूर बघा. सगळा धूर एकाच बाजूला, डोंगराच्या अंगाला वळला आहे, आणि बाईने पदर त्याच बाजूच्या गालावर ओढून घेतला आहे. वैशाख सरताना त्या खाचरात वारा कुठून येतो हे ज्याच्या डोळ्यांना झोंबलं आहे तोच असा धूर काढतो. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने मला असा धूर काढून दाखवला नाही, कारण मी शिकवलेला धूर सरळ वर जायचा.

आपल्याकडे "निसर्गचित्र" म्हटलं की काय येतं, तुम्हीही काढलं असेल. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, काठावर झोपडी, नारळाचं झाड, आभाळात टिकमार्कसारखे चार पक्षी. विदर्भातल्या मुलाचंही तेच आणि देवगडच्या मुलाचंही तेच. लोकांना ते भाबडं वाटतं. मला तसं वाटत नाही. ते पाठ केलेलं चित्र आहे, पाढ्यासारखं. तुमच्या आईंचा डोंगर त्रिकोणी नाही. त्याला मधे एक सपाटी आहे, सपाटीवर दोन घरं आहेत, आणि वरच्या कातळाखाली गवताचा पट्टा वेगळ्या पिवळ्या रंगाचा आहे. तो कापलेला आहे की उभा, हेसुद्धा कळतं. असं चित्र काढणाऱ्या, कुणाकडे न शिकलेल्या माणसाला जगभर "नाइव्ह" चित्रकार म्हणतात. मराठीत कुणी "भाबडी कला" म्हणतं. मला तो शब्द पटत नाही. या लोकांना शाळेची पद्धत येत नाही, हे खरं. पण त्यांची स्वतःची पद्धत असते आणि ती चांगलीच घट्ट असते.

अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेस यांचं उदाहरण देतो, कारण तुमच्या आईंशी ते फार जवळून जुळतं. ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस. जन्म १८६०, न्यूयॉर्क राज्याच्या पूर्व कडेला, जिथून पुढे व्हरमाँटचे डोंगर सुरू होतात. बाराव्या वर्षी दुसऱ्यांच्या शेतघरात कामाला गेल्या. लग्नानंतर सुमारे अठरा वर्षं व्हर्जिनियात, शेनान्डोआच्या खोऱ्यात काढली. दहा मुलं झाली, त्यातली पाच जगली. १९०५मध्ये परत आपल्या मुलखात, ईगल ब्रिज नावाच्या गावी शेतावर आल्या. नवरा १९२७मध्ये गेला. त्या लोकरीच्या धाग्याने कापडावर चित्रं भरायच्या. सांधेदुखीने सुई धरवेना तेव्हा बहिणीने सुचवलं, रंगवून बघ, ते सोपं जाईल. वय सत्तरीच्या पुढे. पुढची सगळी कारकीर्द तिथून सुरू होते, आणि त्या १०१ वर्षं जगल्या.

गावच्या जत्रेत त्यांनी मुरंबे आणि चित्रं दोन्ही ठेवली होती. बक्षीस मुरंब्याला मिळालं. मग काही चित्रं हूसिक फॉल्समधल्या औषधाच्या दुकानाच्या काचेत लागली, तीन ते पाच डॉलर किंमत. १९३८मध्ये लुई कॅल्डर नावाचा चित्रसंग्राहक तिथून जाताना थांबला आणि सगळी घेऊन गेला. घरी अजून दहा आहेत, असं सुनेने त्याला सांगून टाकलं. शोधली तर नऊच निघाली. मग मोझेस बाईंनी एक मोठं चित्र मधोमध कापून दोन केली, असं त्याच पुढे हसत सांगायच्या. गोधडीसाठी लुगडं फाडणाऱ्या बाईला यात गैर काय वाटणार? पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांची तीन चित्रं दिसली. १९४०च्या ऑक्टोबरमध्ये ऑटो कॅलिर यांच्या दालनात स्वतंत्र प्रदर्शन झालं. पुढची प्रसिद्धी तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला त्यांची काम करायची रीत सांगायची आहे.

त्या हार्डबोर्डच्या तुकड्यावर रंगवत. आधी जवसाचं तेल, मग पांढऱ्या रंगाचे तीन हात, कारण बोर्डाचा काळपटपणा खालून वर येतो. मग वरून खाली: आभाळ, डोंगर, टेकड्या, झाडं, घरं, गुरं, आणि सगळ्यांत शेवटी माणसं. एकाच वेळी तीन-चार बोर्ड हाताशी घ्यायच्या, म्हणजे एकदा कालवलेला निळा सगळ्यांच्या आभाळाला लागून संपतो. ही स्वयंपाकघरातली काटकसर आहे, आणि तिच्यातूनच त्यांच्या चित्रांना तो एकसंध ऋतू मिळतो.

माणसं काढताना त्या वर्तमानपत्रं, मासिकं, भेटकार्डं यांतली कात्रणं वापरत. घसरगाडीवरचं पोर, घोडा, बादली उचललेला माणूस. कात्रण बोर्डावर इकडेतिकडे सरकवून जागा ठरवायची आणि मग गिरवायचं. शिकलेल्या चित्रकारांना हे कळलं की ते नाक मुरडतात. पण डोंगराचं कात्रण त्या ठेवत नसत. डोंगर खिडकीतून दिसायचा, किंवा आठवणीत असायचा. लांबची रांग निळी होते, मधली धुरकट हिरवी, जवळची गडद, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण त्यांच्या रंगात ते अचूक उतरलं आहे. रेषेचं पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं छोटं, त्यांना येत नव्हतं; हवेचं, म्हणजे लांबचं निळं-धुरकट, पक्कं येत होतं. त्यामुळे त्यांच्या चित्रात पुढची माणसं बाहुल्यांसारखी सपाट असूनही मागचं खोरं खरोखर चार-पाच मैल लांब जातं.

आता तुमच्या आईंचा पाचवा फोटो उघडा. लावणीच्या बायका एका ओळीत, सगळ्या सारख्या, ठसा मारल्यासारख्या. आणि मागे? पावसाने अर्धा पुसलेला डोंगर, खालचा भाग नाहीच. "वरून चिकटवल्यासारखे" म्हणता ते हेच ना? आषाढात तिथे डोंगर तसाच दिसतो. खालचा पाय ढगात, माथा वर सुटा. आईंनी चिकटवलेला नाही, ढगाने कापलेला आहे.

मोझेस बाईंचं मेपलच्या पाकाचं एक चित्र आहे, १९४३चं. तिकडे हिवाळा सरताना, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन अशा आठवड्यांत मेपलच्या खोडाला भोक पाडून रस धरतात. चाळीसेक लिटर रस आटवला की लिटरभर पाक. आपलं गुऱ्हाळच, फक्त बर्फात. कढई चुलाणावर, पोरं गरम पाक बर्फावर ओतून चिवट करून खातात, जशी आपली पोरं काकवी चाटतात. त्या चित्रात कुणीही मुख्य नाही. बादल्या वाहणारे, लाकडं फोडणारे, खेळणारे, सगळे सारख्याच मापाचे. सगळं गाव एका कामाला लागलं आहे हे दाखवायचं तर कुणाला पुढे मोठं आणि कुणाला मागे छोटं करून चालत नाही. २००६मध्ये त्याला १२ लाख डॉलर मिळाले. किंमत सांगितली ती "वारली विकली जाते" म्हणणाऱ्यांसाठी, नाहीतर त्यांना चित्र दिसणार नाही.

माप हा मुद्दा थोडा वाढवतो, कारण गाईचा प्रश्न त्यातच आहे.

स्वित्झर्लंडच्या पूर्वेला आपेनत्सेल आणि टोगेनबुर्ग असे दोन डोंगराळ भाग आहेत. उन्हाळ्यात तिथले गवळी गुरं घेऊन वरच्या कुरणांवर जातात. एकोणिसाव्या शतकात तिथे गवळ्यांसाठी चित्रं काढणारे चित्रकार झाले. बार्तोलोमेउस लेमलर हा त्यातला एक, आणि बाबेली गिझेनडानर ही बाई (१८३१ ते १९०५) दुसरी. दुधाच्या लाकडी बादलीच्या बुडाला लावायची गोल चकती रंगवायची, किंवा गुरं वर नेण्याची मिरवणूक लांबलचक पट्टीवर काढायची. पट्टीत पुढे शेळ्या आणि त्यांना हाकणारं पोर, मग पिवळ्या विजारीतला गवळी, घंटा बांधलेल्या गाई, मागे बाकीचा कळप, शेवटी चीज करायच्या लाकडी भांड्यांची गाडी. प्रत्येक गाय पूर्ण बाजूने, एकीमागे एक, कुणी कुणाला झाकत नाही. का? चित्र विकत घेणारा गवळी त्यात स्वतःच्या गाई मोजणार! एक जरी दुसरीआड गेली तर तो म्हणेल, माझी एक गाय कमी काढलीस. शिकलेला चित्रकार तिला आडोशाला टाकून "खोली" आणील, आणि गवळी चित्र परत करील. तिथे सपाट काढणं हाच कामाचा काटेकोरपणा आहे.

हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मेंढपाळ धनगराच्या मुलाने वाड्याचं, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामाचं, चित्र काढलं होतं. मधे शेकोटी, भोवती गोल मेंढरं, आणि सगळ्यांचे पाय आतल्या बाजूला, म्हणजे कागद कसाही फिरवला तरी काही मेंढरं उलटी. मी ते खोडायला लावलं. समोरून बघ, पुढची मोठी काढ, मागची छोटी. त्याने काढलं. परीक्षेत ग्रेड मिळाला. पुढे त्याने माझ्या वर्गात मेंढरू म्हणून काढलं नाही, तेच दोन त्रिकोणी डोंगर काढत राहिला. तो जिथे बसायचा तिथून, शेकोटीजवळून, मेंढरं तशीच दिसत असणार, चारी बाजूंनी तोंडं त्याच्याकडे. मी त्याला वाड्याबाहेर उभा करून आत बघायला सांगत होतो.

वारलीचं म्हणाल तर तोही सल्ला नको. वारली चित्रकला ही एका समाजाची परंपरा आहे. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची, लग्नाचा चौक, त्रिकोण-वर्तुळांचं स्वतःचं व्याकरण. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली तेव्हाही ते त्या व्याकरणातून बोलत होते. तुमच्या आईंमागे अशी परंपरा नाही. त्यांनी सगळं आपल्या मनाने जुळवलं आहे. त्यांना वारली काढायला लावलं तर त्या दुसऱ्यांची भाषा तोडकीमोडकी बोलतील आणि स्वतःची विसरतील. शिवाय ज्यांची ती आहे त्यांच्या पोटावर पाय येतो तो वेगळाच.

पुण्याला आणण्याबद्दल मला बोलायचा अधिकार नाही, तब्येत आणि एकटेपणा तुम्ही बघता. चित्रांपुरतं सांगतो. मोझेस बाईंची कितीतरी चित्रं पन्नास-साठ वर्षांपूर्वी बघितलेल्या गोष्टींची आहेत. चौकडीच्या रंगाचं एक जुनं घर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवलं, ते तर १९०७मध्येच जळून गेलं होतं. म्हणजे आठवणीवर चित्र चालतं. पण उलट उदाहरणही आहे. पोलंडच्या दक्षिणेला क्रिनित्सा नावाचं डोंगरातलं, औषधी झऱ्यांचं गाव आहे. तिथे निकिफोर नावाचा, लेमको या डोंगरी समाजातला माणूस राहायचा. बोलणं नीट नाही, लिहिणं जवळजवळ नाही. हवापालटाला आलेल्या लोकांच्या रस्त्यावर कट्ट्यावर बसून सिगारेटची पाकिटं आणि वह्यांची पानं रंगवायचा आणि चिल्लर भावात विकायचा. लाकडी चर्च, डोंगरातली रेल्वे स्टेशनं, टेकड्यांमधले रस्ते. १९४७मध्ये सरकारने लेमको लोकांना त्या डोंगरातून उचलून देशाच्या दुसऱ्या टोकाला नेलं, त्यात यालाही नेलं. तो परत आला. पुन्हा नेलं, पुन्हा आला. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी राहू दिलं. १९६८मध्ये तो वारला तोवर हजारो चित्रं झाली होती. आज त्या गावात त्याचं संग्रहालय आहे.

तुमच्या आई कुठल्या जातीच्या चित्रकार आहेत, आठवणीच्या की जागेच्या, हे फोटोंवरून मला सांगता येणार नाही. पण पुण्याला आणाल तर लावणीला आणि गौरीला न चुकता वाडीवर न्या. आणि फ्लॅटमध्ये एक टेबल त्यांचं म्हणून द्या, ज्यावर कुणी इस्त्रीचे कपडे ठेवणार नाही. मोझेस बाईंचंही स्टुडिओ म्हणून एक जुनं घरगुती टेबलच होतं.

आता टिकवण्याचं. इथे मात्र मी हुकूम सोडणार आहे.

लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे प्रेमापोटी चित्राचं सगळ्यांत मोठं वाटोळं याने होतं. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की चित्र सुटं करणं माझ्या हातात नाही, कुणाच्याच नाही. कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदावर पोस्टर कलर नीट धरत नाही, दुमडला की पापुद्रे सुटतात. म्हणून गुंडाळी करू नका. सपाट ठेवा, दोन चित्रांमधे बटर पेपर. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत दमट राहतं आणि पोस्टर कलरमधल्या डिंकावर बुरशीला मेजवानी मिळते. कसर तर आहेच. फ्रेम करायची तर काच चित्राला टेकू देऊ नका, मधे माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी हवी. चुलीच्या वर किंवा पावसाची ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. स्केचपेन मात्र घरातून काढूनच टाका. दोन उन्हाळ्यांत हिरव्याचा पिवळा होतो.

यापुढच्या चित्रांसाठी तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड आणा, सुताराकडून साधारण दीड फूट बाय एक फूट कापून घ्या. गुळगुळीत बाजूला पॉलिश पेपर मारून ॲक्रिलिकच्या पांढऱ्या गेसोचे (रंगाआधी द्यायच्या अस्तराचे) तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. पाठीला आणि कडांनाही एक हात द्या, नाहीतर पहिल्याच पावसात बोर्ड वाकेल. रंग ॲक्रिलिक. वाळला की पाण्याने सुटत नाही. एकच अडचण, तो ताटलीतही लवकर वाळतो, तर थोडा थोडा काढायचा. ब्रशच्या दांड्याला जुन्या साडीची पट्टी गुंडाळून जाड करा, सांधे धरलेल्या बोटांना बारीक दांडा फार छळतो. हे सगळं तुम्ही करून द्यायचं. बोर्ड पांढरा करण्यापर्यंत तुमचं काम, पुढे चकार शब्द नाही. "आई, इथे सूर्य काढ ना" हेसुद्धा नाही.

विकण्याची घाई करू नका, पण आईंना विकावंसं वाटत असेल तर नक्की विका. आपल्या हाताच्या कामाला पैसे मिळाले की त्या वयातल्या बाईच्या चालण्यात फरक पडतो, हे मी बघितलं आहे. फक्त पहिली पंचवीसेक चित्रं घरात राहू द्या. प्रत्येकाचा दिवसाउजेडी, सरळ समोरून फोटो काढा. मोझेस बाई चित्रांची वहीत नोंद ठेवायच्या आणि मागे नाव, तारीख, क्रमांकाची चिठ्ठी लावायच्या. म्हणून त्यांच्या दीड हजारांवर चित्रांचा आज हिशेब लागतो. तुम्हीही तेच करा. कागदाच्या मागे मऊ पेन्सिलने लिहा, बॉलपेनने नको, दाब पुढे उमटतो. आणि कुणी कार्डं, कॅलेंडर किंवा पिशव्या छापायला चित्र मागितलं तर नीट ऐका: मूळ चित्र विकलं तरी छापायचा हक्क, लिहून दिला नसेल तर, आईंकडेच राहतो. हयातीभर आणि त्यानंतर ६० वर्षं. मोझेस बाईंच्या चित्रांची कार्डं लाखोंनी खपली ती असा हक्क राखूनच. कोरा कागद पुढे करून कुणी गोड बोललं तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

राहिली ती गाय, घराहून मोठी. त्या चित्रात बाकीच्या सात फोटोंत नसलेली एक गोष्ट आहे. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, आणि एक शिंग खाली वळलं आहे. बाकीच्या चित्रांतली गुरं नुसती गुरं आहेत, ही एक कुणीतरी आहे. आईंना विचारा कोणती ती, आणि तिच्या नावासकट मागे लिहून ठेवा.